फाइल झिजली म्हणणारे गजभिये काका

गजभिये काकांवर अन्याय झाला. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजता, वैशाली नगरच्या आपल्या वाचनालयात. पंखा चालू होता, चहा आला होता. चहा पिता पिता अन्याय झाला हे मुद्दाम नोंदवतो, कारण एरवी चहा पिता पिता आपण फक्त निषेध करतो.

काका कोण, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून उभा असलेला माणूस भिलाईत कुठे दिसला, तर ते काका. कारखान्याच्या मिलमध्ये त्यांनी उभी नोकरी बेअरिंग ऐकण्यात घालवली. टोक मशीनवर, मूठ कानामागच्या हाडावर. आत गोळी फुटली आहे की ग्रीस संपलंय, हे त्यांना बाहेरून कळायचं. रिटायर झाले तेव्हा मशीन तिथेच राहिलं, कान घरी आले. आता ते पंखे ऐकतात, पाण्याचे पंप ऐकतात, लोकांच्या स्कूटरी रस्त्यात थांबवून ऐकतात. "पयले आयका, मंग ठोका," हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते कोणालाही फुकट मिळतं. नम्रपणाशी त्यांची ओळख नाही. "माह्यासारखा कान पुऱ्या प्लांटमंदी नव्हता," असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच मान डोलावतात.

आमच्या घरी एकदा त्यांनी गॅसवरच्या कुकरला स्क्रू-ड्रायव्हर लावला. आई म्हणाली, "भाऊजी, वरन हाय त्यात, बेअरिंग नाही."

"थांबा वयनी. आता बोलते थो."

त्यांनी कान बाजूला घेतला आणि शिट्टी झाली. आई देव मानत नाही. तरी त्या दिवशी तिचे हात जोडायला निघाले होते, ते तिने वेळेवर पदराला पुसले.

वाचनालयाची चावी काकांकडे असायची. कारखान्याचा दोनचा भोंगा झाला की ते कुलूप उघडत, आणि त्यांच्यासारखे चार-पाच रिटायर लोक पेपर वाचायला येत. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे, कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघून आपल्याकडे आलेला. जयंतीच्या स्मरणिकेचे सगळे लेख मी त्यावरच टाइप केले होते. दुसरी प्रत नव्हती. बैठकीच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली आणि तिथेच थांबली. कमांड इंटरप्रिटर खराब आहे किंवा गायब आहे, असं ती ओळ सांगत होती.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. ज्याच्या विरोधात घोषणा देता येत नाही अशा संकटाचा मला सराव नाही. मी कॉम्प्युटरला एक थापड मारली.

"ठोकू नको बे," काका पेपरमागून म्हणाले. "आयकलं का पयले?"

म्हातारे खुर्च्या सरकवून गोळा झाले. काकांनी चप्पल काढली, स्क्रू-ड्रायव्हर पेटीला टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"डिस्क फिरून राहिली. दम हाय तिच्यात. तुये लेख बी असतीन. फक्त इनचार्ज नाही."

"कसला इनचार्ज?"

"हे पाय. भोंगा झाला, लाइट आली, मानसं गेटातून आत गेले. आन् कोनी काय करायचं थे सांगनारा शिफ्ट इनचार्जच नाही. मंग सारे उभेच राहतीन का नाही? थे एक फाइल ऱ्हायते, तिचं नाव कमांड. इनचार्ज थेच."

मी दोन वर्षं त्या मशीनवर बसतो. त्याच्या पोटात काय चालतं हे मला त्या मिनिटाला कळलं.

माझ्या पिशवीत दुसऱ्या कुठल्याशा मशीनची, मशीन सुरू करायची फ्लॉपी होती, ती मी दिली. काकांनी तिच्यावरून मशीन सुरू केलं, तिच्यातली ती फाइल आत उतरवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता पडद्यावर दुसरीच तक्रार आली, आवृत्ती जुळत नाही म्हणून. काका खूश झाले. "दुसऱ्या खात्याचा इनचार्ज आनला तू. ह्या खात्यातले लोकं त्याचं काऊन आयकतीन?"

मग त्यांनी थैलीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात तांदूळ, आणि तांदळात पुरलेली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी. मशीन आलं त्या दिवशीच बसवणाऱ्याकडून सगळं शिकून घेऊन, त्याच्यासोबतची ही फ्लॉपी त्यांनी ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवली होती, आणि तांदूळ दर महिन्याला उन्हात टाकत होते. फाइल उतरली. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा चालू केलं. ते घरघरलं, थांबलं, आणि काळ्या पडद्यावर ती छोटी रेघ लुकलुकायला लागली. आतापर्यंत मी बरीच मोठी भाषणं ऐकली आहेत. त्या लुकलुकीइतकं काही मी गप्प बसून पाहिलेलं नाही.

काकांनी आतल्या फाइलींची यादी उघडली. माझे लेख जिथल्या तिथे होते. पण कोणी कधी न उघडलेली प्रत्येक फाइल नाहीशी झाली होती. काका माझ्या कानाशी आले. "चोर पसारा करून जाते. हा झाडून गेला."

आता ज्यांनी प्लांटमध्ये सफाई सप्ताह पाळला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती स्क्रॅप, उचला आणि यार्डात टाका. ही सवय पेन्शनसोबत घरी येते. गोळा झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एक गृहस्थ त्या क्षणी छताकडे बघत होते, आणि छतावर काही नव्हतं. मी बघितलं. काकांनीही बघितलं, आणि पडद्यावरची यादी पुसून टाकली.

रविवारी बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "गजभिये साहेब, मशीन बंद काऊन पडली होती?"

काका म्हणाले, "जुनी फाइल होती. झिजली."

फाइल झिजत नाही. मी उठायला लागलो, तर काकांचा हात माझ्या मांडीवर पडला. त्या हाताने बेअरिंगं उचलली आहेत. मी बसलो.

"मतलब घिस गयी," अध्यक्ष म्हणाले. "मशीनजवळ दिवसभर तुम्हीच असता. तुमच्याच हातानं झिजली ना मग? भाऊ, चावी आता कमिटीकडे राहू द्या." हात वर झाले. छताकडे बघणाऱ्या गृहस्थांचाही झाला, जरा उशिराने. माझा झाला नाही. काकांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली, आणि जाता जाता पंख्याकडे बघून म्हणाले, "बुश गेला याचा, आतून घासून राहिला. बदलून घ्या."

बाहेर मी भांडलो. "काका, खरं सांगाले काय झालं होतं तुम्हाले?"

"सांगतलं असतं तं थो शरमेनं येनं बंद करता. तूच सांग, घरी मी कोनाचं आयकू? फ्रिजचं? थे आयकून झालं." थोडं चालून ते थांबले. "मानूस पेपर वाचते तवा मधातच खोकलते, हासते, नेत्यायले शिव्या देते. तसा आवाज मशीनले नाही ना, बापू. नाव लिवू नको कुठं त्याचं."

आता वाचनालय संध्याकाळी उघडतं. दुपारी कुलूप असतं. काका दोनच्या भोंग्याला तरीही येतात, पायरीवर बसतात, पंधरा-वीस मिनिटांनी उठून जातात. बाकीचे म्हातारे आपापल्या घरी. फाइल वाचली, माणसं बंद पडली.

म्हणून मागणी. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. सभासदांनो, या, पयले आयका, मग हात वर करा. आणि छताकडे बघणारे गृहस्थ, तुम्ही हे वाचताय हे मला पक्कं माहीत आहे. काकांना शब्द दिलाय, म्हणून तुमचं नाव लिहिलेलं नाही. कबुली मी मागत नाही. चावी गजभियेंना परत द्यावी, हा ठराव तुम्ही मांडायचा. आणि सोमवारी दोनचा भोंगा होईल तेव्हा पेपर घेऊन, काकांच्या आधी, त्या पायरीवर बसलेलं दिसायचं.