राष्ट्राध्यक्षांची दुधाची बाटली

घराच्या राष्ट्राध्यक्ष दुधाची बाटली तोंडात धरून झोपतात आणि त्यामुळे त्यांचे पुढचे दात किडत चाललेत, या काळजीने केतकीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

राष्ट्राध्यक्षांचं नाव जुई, वय वर्षं तीन. ओहायोतल्या त्या गावात मूल तीन वर्षांचं झालं की घराचं राष्ट्राध्यक्षपद त्याच्याकडे जातं. जुईकडे ते वाढदिवसाला, केक कापायच्या आधी आलं. शपथ घेताना तिने हाताऐवजी पाय वर केला. तोही नियमात बसला.

आईवडील म्हणजे प्रतिनिधिगृह. आजी-आजोबा म्हणजे सिनेट: दोन्हीकडचे दोन-दोन, घराणं लहान असो की मोठं. सिनेट व्हिडिओ कॉलवर भरायची, कारण निम्मी मिरजेला होती आणि निम्मी अकोल्याला. कामकाज नियमाप्रमाणे चाललंय ना हे बघायला काउंटीच्या सरकारी कचेरीकडून मिसेस हॉलंड नावाच्या वयस्क बाई येत. त्या सोफ्याच्या कडेला बसत, चहा नको म्हणत आणि लाकडी हातोडी मांडीवर ठेवत.

राष्ट्राध्यक्ष रोज सकाळी गृहाला संदेश देत: "बागेत जायचं." केतकी गृहाच्या वतीने उत्तर देई: "उद्या बघू." मिसेस हॉलंड त्याची नोंद 'विषय पुढे ढकलला' अशी करत.

तर दात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की रात्रीचं दूध असंच चालू राहिलं तर समोरचे दात काढावे लागतील, तेही भूल देऊन. 'भूल' या शब्दानंतर केतकीला काही ऐकूच आलं नाही. एम.एस्सी. झालेल्या बाईला स्वतःच्या लेकीच्या तोंडातून एक बाटली काढता येऊ नये? मग तिला वाटलं, एम.एस्सी.ला हा विषय नव्हताच.

विधेयक आणायचं ठरलं. केतकीला दोन शब्द पुरे होते: बाटली बंद. पण मसुदा तिच्या नवऱ्याने, सारंगने, लिहायला घेतला आणि सारंगला दोन शब्दांत काही लिहिता येत नसे.

"नुसतं बंद म्हटलं तर तिला तू वाईट वाटशील," तो म्हणाला. "आपण लिहू, रात्रीचं दूध बंद आणि बाटली दोषी आहे. दात किडवल्याबद्दल. शिक्षा, कचऱ्यात रवानगी. म्हणजे सगळा दोष बाटलीवर, तू मोकळी."

केतकी इतकी थकली होती की तिला हे शहाणपणाचं वाटलं.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. अकोल्याचे आप्पा तेवढे विरोधात होते. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर जांभळ्या खडूने या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली आणि ते परत पाठवलं. नकाराची कारणं देणं बंधनकारक असल्याने तीही दिली: "नको."

"ना सही, ना खिशात, थेट फुली," सारंग कौतुकाने म्हणाला. आंघोळीचं विधेयक जुईने फ्रॉकच्या खिशात घालून ठेवलं होतं. तेवढ्यात सिनेट लग्नसराईसाठी उठली आणि नियमाप्रमाणे ते सहीविना खिशातच मेलं.

"हसू नकोस," केतकी म्हणाली. "मिसेस हॉलंड, हिच्यावर महाभियोग चालवता येईल का?"

"गुन्हा कोणता?"

"हट्ट."

"हट्ट गुन्ह्यात बसत नाही. शिवाय त्यांना हटवलं तर पद उपाध्यक्षांकडे जाईल."

उपाध्यक्ष म्हणजे कापडी जिराफ. त्याचा एक डोळा शिवायला झाला होता. केतकीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तो दूध तरी मागत नव्हता.

उरला एकच मार्ग: नकार झुगारायचा. त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. गृहात सभासद दोन, म्हणजे दोघांचीही लागली. ती मिळाली. सिनेटमध्ये चारांपैकी तीन हवी होती. मिरजेची दोन पक्की होती, तिसरं आप्पांच्या पत्नी माईंकडून यायचं होतं. अकोल्यात आप्पा बोलायला उभे राहिले.

उभा राहिलेला सभासद जोवर बोलतोय, तोवर मतदान होत नाही. आप्पांना हे कुणी सांगितलं होतं देव जाणे.

"काहून तोडता पोट्टीचं दूध?" त्यांनी सुरुवात केली. मग त्यांच्या लहानपणीची म्हैस आली. म्हशीचं नाव, तिचा स्वभाव, तिची आई. मिरजेच्या बाबांना डुलकी लागली. आप्पा म्हशीच्या तिसऱ्या वेतावर आले, तेव्हा केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पा, दात काढावे लागतील हो तिचे."

"दुधाचे दात, बेटा. पडणारच असतात."

माई मागे शांत बसल्या होत्या. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली, खुर्ची पुढे सरकवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "अहो, बीपीची गोळी राहिली. बसून घ्या न आधी."

आप्पा बसले.

"सभासद बसले," मिसेस हॉलंड म्हणाल्या. "मतदान."

"अरे! मी गोळीसाठी बसलो!"

"मग घ्या न गोळी," माई म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला, विधेयकाच्या बाजूने. हातोडी पडली.

जुई बाटली काखेत धरून उभी होती. केतकीने हात पुढे केला. जुईने फ्रिजकडे पाहिलं. तिथे तिने शाळेत केलेली कागदाची टर्की चिकटवलेली होती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला राष्ट्राध्यक्ष एका टर्की पक्ष्याला कापण्यापासून माफ करतात, तशी बाईंनी तिच्याकडून ती माफ करवून घेतली होती.

"बाटलीला माफ," जुई म्हणाली.

मिसेस हॉलंड उठून उभ्या राहिल्या. "क्षमादान राष्ट्राध्यक्षांच्या हातात. त्यात गृहाला बोलता येत नाही आणि सिनेटलाही नाही."

"अहो, पण बाटली आहे ती!"

"दोषी तुम्हीच ठरवलीत. नुसतं 'बंद' लिहिलं असतं, तर माफ करायला काही उरलंच नसतं."

सारंग एकदम छताचा पंखा बघू लागला.

"आणि दूध?" केतकीने विचारलं.

"ते बंदच. माफीने शिक्षा टळते, कायदा नाही."

दुपारी जुई रिकामी बाटली कुशीत घेऊन पडली. एकदा तिने ती तोंडाला लावून पाहिली, मग उपाध्यक्षांच्या शेजारी नीट आडवी ठेवली. रडली नाही. केतकी पलंगाच्या कडेला बसून होती. तिला वाटलं होतं आकांत होईल; तो झाला नाही, तर आता त्याचीच काळजी वाटू लागली.

"जुई," ती हळूच म्हणाली, "बाटलीला माफ केलंस. मला केलंस ना?"

राष्ट्राध्यक्षांनी जिराफाच्या कानात काहीतरी विचारलं. मग स्वतःचा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.