धोंडबा टपालाने गेला त्याची गोष्ट

मुलांनो, तुमच्याकडे एकसारखी दोन कार्डं असली, तर दुसऱ्याचं तुम्ही काय करता?

फेकून देता? मग तुम्ही या गोष्टीतल्या प्राण्यांपेक्षा शहाणे आहात. पण हे त्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.

एका जंगलात पूर्वी चिंचेच्या गोळ्या मिळत. गोळ्यांच्या प्रत्येक पुडीत एक कार्ड निघे. कार्डाच्या पुढच्या बाजूला फुटबॉलच्या खेळाडूचं चित्र असे आणि मागे त्याची माहिती. पुढे गोळ्या बंद झाल्या. खेळाडू म्हातारे झाले. कार्डं मात्र राहिली, आणि ती जमवणारे प्राणीही राहिले.

हे प्राणी एकमेकांना कधी भेटत नसत. ते टपालाने अदलाबदल करत. "माझ्याकडे चितळ तीन झाली आहेत. आपल्याकडे एखादं रानमांजर जास्तीचं आहे का?" अशी पत्रं या डोंगरावरून त्या डोंगरावर जात.

नियम तीनच होते. एकाला एकच द्यायचं. नव्याने आधी पाठवायचं, जुन्याने नंतर. आणि आलेलं कार्ड पळसाच्या पानात गुंडाळून अंधारात ठेवायचं, म्हणजे ते कोरं राहतं. मग ते पाहायचं कधी, असं कुणी विचारत नसे.

पोस्टमास्तर होता सुतारपक्षी. तो तिकिटावर शिक्का मारायचा तो चोचीने. त्यामुळे जाणते प्राणी पाकिटात आधी झाडाच्या सालीचा जाड तुकडा घालत आणि मग कार्ड.

या जंगलात धोंडबा नावाचं एक अस्वल राहत असे. धोंडबा दूरच्या खोऱ्यातून इथे घरजावई म्हणून आला होता. तिकडे तरुणपणी तो गोलरक्षक होता. निदान तो तसं सांगायचा. एका सामन्यात त्याने हवेत झेप घेऊन चेंडू कसा अडवला, हे तो रोज जेवताना बायकोला ऐकवायचा.

त्याची बायको सरूबाई. ती एक दिवस म्हणाली, "अहो, खाटेवरून उठायचं तर तुम्हाला दोन हाका माराव्या लागतात. तुम्ही कसली झेप घेताय?"

"अगं, तेव्हा मी बारीक होतो."

"वीस वर्षं ऐकतेय. आता पुरावा दाखवा. नसेल तर हा विषय या घरात बंद."

धोंडबाने हातातला घास परत ताटात ठेवला. त्याच्याकडे सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी तो पोस्टात गेला. तिथे दुर्मिळ कार्डांची यादी लावलेली असे. यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, 'क्रमांक एक. कै. धोंडबा, गोलरक्षक. जगात एकच शिल्लक. मालक, वामनराव उदमांजर, पलीकडचा डोंगर.'

स्वतःच्या नावामागे 'कै.' वाचून धोंडबाला थोडं कसंसं झालं. पण जगात एकच! आपण फारच मोठे खेळाडू असणार, असं त्याला वाटलं. त्याने लगेच पत्र लिहिलं.

"सा. न. वि. वि. आपल्याकडे जे कार्ड आहे त्यावर मी आहे. मी अजून जिवंत आहे, त्याबद्दल क्षमस्व. कार्ड बायकोला दाखवायचं आहे. कृपया पाठवावं."

चार दिवसांनी वामनरावांचं उत्तर आलं. "स. न. बदल्यात आपल्याकडे काय आहे?"

धोंडबाने लिहिलं, "माझ्याकडे कार्ड एकही नाही. मी आहे."

वामनरावांनी दोन दिवस विचार केला. कार्ड जगात एकच होतं. पण धोंडबाही एकच होता. त्यांनी कळवलं, "एकाला एक, मान्य. आपण नवे आहात, तेव्हा आपण आधी यावं. टपालानेच. कडा दुमडू नयेत याची काळजी घ्यावी."

धोंडबाने अंगावर बेचाळीस तिकिटं चिकटवली. बायकोला म्हणाला, "पुरावा आणायला चाललोय." आणि पोस्टात जाऊन उभा राहिला.

"मान सरळ ठेवा," सुतारपक्षी म्हणाला. "शिक्का कपाळावर बसेल."

टपालाची थैली एक रानरेडा वाहून नेत असे. त्याने धोंडबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही जाताच आहात, तर थैलीही न्या."

अशा रीतीने धोंडबा टपालाने गेला, आणि टपाल धोंडबाने गेलं.

वामनरावांनी भिंग घेऊन त्याला तपासलं. "डावा कान फाटका. दात दोन कमी. पोट सुटलंय. मूळ स्थितीत नाही. मध्यम म्हणता येईल." मग त्यांनी नियमाप्रमाणे त्याला पळसाच्या पानांत गुंडाळायला घेतलं. पानं संपली. मग त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या साली बांधल्या आणि त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत उभं केलं. फक्त नाक बाहेर ठेवलं.

पाकिटात घालायला एकही साल उरली नाही. वामनरावांनी कार्ड तसंच पाकिटात घालून सरूबाईंच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

दोन दिवसांनी पानांच्या आतून धोंडबाने विचारलं, "वामनराव, माझं कार्ड एकच उरलंय, म्हणजे मी इतका चांगला खेळायचो?"

"छे हो. चांगला होता तो चितळ. त्याने तेवीस गोल केले. त्याचं कार्ड घरोघरी आहे, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालतात. तुमचं कार्ड पुडीत निघालं की पिल्लं तिथल्या तिथे फाडून टाकायची. म्हणून तर तुम्ही दुर्मिळ."

 धोंडबाने हळूच विचारलं, "माझ्यावर किती गोल झाले ते मागे छापलंय का?"

"छापलंय ना. नऊ सामन्यांत बावन्न."

"ते कार्ड पाठवू नका."

"परवाच पाठवलं. आज पोचलं असेल."

धोंडबाने डोळे मिटले. अंधारात काही फरक पडला नाही.

तिसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. सरूबाई दोन डोंगर चालून आली होती. तिने कार्ड वामनरावांच्या पुढे धरलं.

"हे तुमचं घ्या आणि आमचं परत द्या."

धोंडबाचं नाक पानांत आत सरकलं.

"मागची बाजू वाचलीस का गं?" आतून आवाज आला.

"वाचली. बावन्न."

"मग?"

"मग काय? झेप घेऊन चेंडू अडवलात म्हणत होता, तेव्हा पटत नव्हतं. बावन्न सोडले म्हटल्यावर लगेच पटलं. म्हटलं, हे नक्की तुम्हीच."

वामनराव मात्र कार्डाकडे पाहत होते. शिक्का मारताना चोच आरपार गेली होती. चित्रात अस्वलाने झेप घेतलेली होती, पुढे दोन्ही पंजे होते, आणि जिथे चेंडू होता नेमकं तिथे भोक पडलं होतं.

"भोक पडलंय, म्हणून घ्यायचं नाही म्हणाल," सरूबाई म्हणाली.

"नाही कसं?" वामनरावांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं. "ज्याच्या हाती कधी चेंडू आला नाही, त्याच्या कार्डावरही चेंडू नाही. असं दुसरं होणे नाही. बाई, तुमचं अस्वल आत्ता घेऊन जा."

सरूबाईने पानं सोडली, साली सोडल्या, आणि नवऱ्याला बाहेर काढलं.

दोघं पहिला डोंगर चढून गेली. मग धोंडबा म्हणाला, "बावन्न नव्हते. एक बाहेरून गेला होता. पंचाला दिसलं नाही."

"बरं. एक्कावन्न."

"आणि एकदा पाऊस होता."

"घरी गेल्यावर सांगा. चालताना तुम्हाला धाप लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाईने मधाचा द्रोण मध्ये ठेवला, धोंडबाला समोर बसवलं, आणि त्याला पहिल्या गोलापासून सांगायला लावलं.

तात्पर्य : मुलांनो, आपलं काम कधी फार चांगलं करू नये. चांगल्या कामाची आठवण घरोघरी पोचते आणि शेवटी टेबलाच्या पायाखाली जाते. काम इतकं वाईट करावं की लोकांनी आपली आठवण फाडून टाकावी. एखादा फाडायला विसरतोच. मग आपण अमर होतो.