हिरवा तर मुळीच नाही

नाताळ उलटून आठवडाही झाला नव्हता, तोच अल्सीडच्या घराचे पडदे भर दुपारी ओढले गेले. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. अल्सीड एरवी लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा. पण मार्डी ग्राच्या सणाला, मिरवणुकीच्या सकाळी, तो आपल्या नाचत-गात निघणाऱ्या टोळीचा चीफ असायचा. आणि न्यू ऑर्लिन्समधल्या अशा चीफला दर वर्षी स्वतःच्या हातानं शिवलेला नवा पोशाख लागतो, डोक्यावर पिसांचा नवा मुकुट लागतो. त्याचा रंग त्या सकाळपर्यंत कुणाला कळता कामा नये. दोन चीफ एकाच रंगात समोरासमोर आले, की त्यांतल्या एकाची वर्षभर थट्टा होते.

तीन वर्षांपूर्वी थट्टा झालेला तो एक म्हणजे अल्सीड. जांभळ्या रंगात. आणि दुसरा होता समोरच्याच घरात राहणारा, सिटी बस चालवणारा वॉर्डेल. न्हाव्याकडे अजूनही कुणी ना कुणी अल्सीडला वांग्याचा भाव विचारायचं.

यंदा त्यानं पिवळा रंग धरला होता. पिसं ह्यूस्टनहून मेहुणीच्या नावानं मागवली आणि खोक्यावर ‘काचेची भांडी’ असं लिहून घेतलं. शिवाय गावातल्या दुकानातून हिरव्या पिसांचं एक भलंमोठं पोतं विकत घेतलं आणि ते खांद्यावर टाकून गल्लीतून तीनदा फिरवलं. पोतं फुटलं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच ते फोडलं होतं.

“ओडील, तू कुणाला बोलली नाहीस ना?” त्यानं बायकोला विचारलं. अर्धे मणी तीच ओवत होती, त्यामुळे तिला सांगणं भागच होतं.

“नाही.”

“अर्लीनला?” अर्लीन म्हणजे वॉर्डेलची बायको. दर सोमवारी दोघी मिळून राजमा शिजवायच्या.

“कुणाला सांगू नको म्हणालास, नाही सांगितलं. जेवायच्या आधी एकदा विचारतोस, जेवल्यावर एकदा. आता काय लिहून देऊ?”

अल्सीडचं समाधान झालं नाही. इतकं शांतपणे बोलणारी माणसं त्याला नेहमीच संशयास्पद वाटत.

आणि जानेवारीच्या मध्यावर त्याचा संशय खरा ठरला. वॉर्डेलच्या पायरीवर त्याचा कुत्रा बिस्किट पसरला होता आणि त्याच्या तोंडात एक पिवळं पीस होतं.

कुत्रा घरात शिरून पुरावा घेऊन गेला होता. म्हणजे शिकवून सोडलेला होता. वॉर्डेलनं पाहायच्या आत ते पीस परत मिळवायला हवं. त्यानं घरातून सॉसेजचा तुकडा आणला, कुत्र्याला चुचकारून बोलावलं आणि सौदा केला.

दुसऱ्या दिवशी बिस्किट स्वतःच दारात हजर. तोंडात पिवळं पीस.

“हा रोज आत शिरतो तरी कुठून?” अल्सीडनं खिडक्या तपासल्या, मागच्या दाराला नवी कडी बसवली, फटीत चिंध्या कोंबल्या. काही उपयोग झाला नाही. कुत्रा नेमानं येतच राहिला. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. अल्सीड पीस झटकून मुकुटात शिवायचा आणि वर सॉसेज द्यायचा. बिस्किट चांगलाच बाळसेदार झाला.

“काय चीफ,” वॉर्डेलनं एकदा कुंपणावरून हटकलं, “हिरवा म्हणे यंदा?”

“कोण म्हणालं?”

“तुझं पोतं.”

वॉर्डेल हसला, पण डोळे हसत नव्हते. तो म्हणाला, “सांभाळून राहा बाबा. गल्लीत चोर आलाय.”

“आपल्या गल्लीत? काय दिवस आलेत,” अल्सीड म्हणाला.

मार्डी ग्राला नऊ दिवस उरले असताना मुकुट पुरा झाला. अल्सीडनं हिशेब जुळवायला पिसं मोजली. मागवली होती चारशे. भरली चारशे एकतीस.

त्यानं पुन्हा मोजली. मग तो खुर्चीत बसला. त्याच्या घरातून एकही पीस गेलं नव्हतं. कुत्रा चोरी करत होता हे खरं. पण स्वतःच्या मालकाच्या घरी.

“वॉर्डेल पिवळा शिवतोय,” तो ओडीलला म्हणाला.

“हं,” ओडील म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

उरलेल्या नऊ दिवसांत नवी पिसं मिळणं शक्य नव्हतं. घरात होतं फक्त ते हिरवं पोतं. अल्सीडनं गिलाव्याची कामं सोडली, चुलतभावंडांना बोलावलं, बोटांची चाळण करून घेतली आणि मुकुटासकट हिरवा पोशाख उभा केला.

मार्डी ग्राच्या सकाळी ऊन पडलं. ढोल वाजू लागले. अल्सीड टोळीसह कोपऱ्यावर वळला आणि समोरून वॉर्डेल आला. डोक्यापासून पायापर्यंत हिरवागार.

ढोल एकेक करून थांबले.

“तू पिवळा होतास,” अल्सीड म्हणाला.

“होतो. पण माझी पिसं चोरीला जायला लागली. म्हणजे रंग फुटला.” वॉर्डेलनं अल्सीडच्या मुकुटाकडे बोट दाखवलं. “म्हटलं, हिरवा हा जगाला दाखवत फिरतोय, तेव्हा हिरवा तर हा मुळीच घालायचा नाही. अख्ख्या शहरात तेवढाच एक रंग बिनधोक होता.”

“तुम्ही दोघं डिसेंबरपासून पिवळेच होतात,” मागून अर्लीन म्हणाली. ती आणि ओडील एका पिशवीतून सणाचा साखर लावलेला किंग केक खात उभ्या होत्या.

अल्सीड बायकोकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“अर्लीननं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. मी तिला शपथ घातली होती.” ओडीलनं बोटावरची साखर चाटली. “आम्ही कुणालाच सांगितलं नाही. तुम्हालासुद्धा.”

“पण चोर कोण?” वॉर्डेल म्हणाला. “मला फक्त तो चोर हवाय.”

“सापडेल,” अल्सीड गंभीरपणे म्हणाला. “असली माणसं फार दिवस लपत नाहीत.”

तेवढ्यात वॉर्डेलच्या पाठीमागून बिस्किट आला. मालकाच्या पोशाखातून त्यानं एक हिरवं पीस अलगद उपटलं, दोन्ही टोळ्यांच्या मधून शेपूट हलवत चालत आला, ते अल्सीडच्या पायाशी ठेवलं आणि सॉसेजची वाट पाहत बसला.