दोन पाट्यांची गाडी

भास्करकाका बोलायच्या आधी मुठीत दोनदा फुंकर मारतात. फू, फू. मग बोलतात. भाजीवाल्याशी बोलायचं असो की डॉक्टरशी, मूठ आधी तोंडापाशी जाते. त्यांची अख्खी नोकरी बुलढाण्याच्या बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, फुंकर राहिली. मोबाइलवर काही लिहायच्या आधीही ते स्क्रीनवर दोनदा फुंकतात आणि मग शर्टाच्या टोकाने पुसतात.

घरातही घोषणाच. "कृपया लक्ष द्या. चहा लागलेला हाये. बसून घ्या." उशिरा पोचलं तर, "चहा सुटला. पुढचा चहा संध्याकाळी." आणि खरोखर देत नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले ते रागाच्या भरात. मला राग लवकर येतो आणि मी तो छापून वाटते. रस्ता रुंद करायचा म्हणून कुणीतरी गावाबाहेरच्या कडुनिंबांवर पांढऱ्या खुणा केल्या होत्या. मी पत्रक काढलं, मोठ्या कंपनीच्या साइटवर टाकलं. ते कुणाला दिसलं? माझ्या मावशीला. त्याच दिवशी गॉगल घातलेली एक बकरी निम्म्या महाराष्ट्राने पाहिली. माझा बकरीवर राग नाही. लोकांनी काय पाहायचं हे दूर बसलेलं एक यंत्र ठरवतं आणि आपण त्याला 'व्यासपीठ' म्हणतो, याचा आहे. पैसे भरा, मग तुमची झाडं दाखवतो, असा हा धंदा.

हे सगळं मी काकांना एका दमात ऐकवलं. त्यांनी शांतपणे फुंकर मारली.

"मी एकदा बाजेची किंमत पाह्यली. फक्त पाह्यली. तं मशीन मले महिनाभर बाजाच दाखवून राह्यली. मानसाले एका बाजेवर किती झोपता येते बे?"

म्हणून त्यांनी स्वतःचा 'फलाट' काढला होता. कूलरच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर घुरघुरत असतो, तोच फलाट: लोकांनी लिहायची-वाचायची काकांची स्वतःची छोटी साइट. अशी हजारो छोटी स्टेशनं जगभर आहेत, कुठल्याही एका कंपनीची नाहीत, आणि ती एकमेकांशी बोलतात. तिथे यंत्र काही पुढे ढकलत नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते दिसतात, त्यांनी पुढे पाठवलेलं दिसतं, किंवा हॅशटॅग शोधून माणसं सापडतात. काका हॅशटॅगला 'पाटी' म्हणतात. "गाडीची पाटी पाहून मानूस चढते. पाटी चुकली का मानूस मेहकरले उतरते."

फलाटावर खातं काढायचं तर काका एकच प्रश्न विचारतात: "कोनाचे तुम्ही?"

हा प्रश्न वाचून माझं डोकं फिरलं. आडनावापर्यंत आणि आडनावावरून वस्तीपर्यंत पोचायची ही गावोगावची चोरवाट आहे. लहानपणापासून मी तो प्रश्न ऐकलाय, आणि उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो तेही पाहिलंय. इतर लोकांनी तिथे पणजोबांपासून वंशावळ लिहिली असेल. मी लिहिलं, "कोणाचीही नाही. माझी मी."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "बस. खिडकीपाशी जागा हाये."

भांडायची तयारी वाया गेली. पण ती लवकरच कामी आली, कारण काकांची पाटी चुकीची होती.

आमच्या जिल्ह्याचं नाव दोन तऱ्हेने लिहितात. एका दुकानावर 'बुलडाणा', शेजारच्या दुकानावर 'बुलढाणा', आणि दोन्ही दुकानदार सख्खे भाऊ. कागदावर चालतं. हॅशटॅगला चालत नाही. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. फलाटावरचे सगळे काकांचं पाहून #बुलडाणा लिहायचे. पुण्या-मुंबईत गेलेली आमची पोरं दुसऱ्या स्टेशनांवरून #बुलढाणा शोधायची आणि त्यांना वाटायचं, गावाकडे शुकशुकाट आहे. इकडे मी निंबांसाठी ओरडत होते, तिकडे ज्यांनी ऐकायचं ते भलत्याच फलाटावर उभे.

"काका, ढ करा."

फू, फू. "नाई."

"कारण?"

"शाळेत कच्च्या पोराले काय म्हनतात? ढ. आता अख्ख्या जिल्ह्याले ढ म्हनावं का?"

"काका, हा विनोद झाला. कारण सांगा."

"ड वर काऊन डोळा तुया? सगळे तिकडं गेले तं हा फलाट रिकामा पडीन."

"पडू दे की. गर्दी जिथे, तिथे गाडी लावायची."

"गर्दी आन् पॅसिंजर याच्यात फरक असते, पोरी," काका म्हणाले आणि चहा सुटल्याचं जाहीर केलं.

मी ऐकणारी नाही. फलाटावरच्या प्रत्येकाला गाठलं. साखरखेर्ड्याचा कृषी केंद्रवाला, शेगावची लॉजवाली ताई, कॉलेजातल्या मैत्रिणी, सगळ्यांना ढ लावायला लावला. गंमत म्हणजे काकांनी अडवलं नाही. उलट माझी निंबांची पोस्ट त्यांनी मोठ्याने वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि पुढे पाठवली. वाचल्याशिवाय ते काहीही पुढे पाठवत नाहीत. "तिकीट न पाहता बसवायचं नसते." पण स्वतः मात्र ड ला चिकटून राहिले.

आठवड्याभरात फरक दिसला. माणसामागून माणूस माझी पोस्ट पुढे जात राहिली. पुण्याच्या एका वकिलीणबाईंनी अर्जाचा मसुदा दिला, नाशिकच्या एकाने झाडांची नोंद कशी करायची ते सांगितलं, आणि रविवारी निंबांखाली इतके लोक जमले की पोहेवाल्याने गाडीच तिथे आणली. खुणा अजून आहेत, पण कुऱ्हाड थांबली आहे. बकरीशिवाय हे झालं. मी हवेत होते.

त्याच हवेत एका दुपारी मी #बुलडाणा उघडलं. अजून कोण तिकडे राहिलंय, त्यालाही इकडे ओढू, म्हणून.

तिथे अलीकडच्या सगळ्या पोस्ट भास्करकाकांच्याच होत्या. सकाळी, "घाटात धुकं हाये." मग, "बाजारात वांगे सस्ते." "मलकापूर गाडी भरून गेली." "कारंजा चौकात दोन सांड भांडून राह्यले, लोकं मधात पडले, सांड निघून गेले, लोकं भांडून राह्यले." नुसता पाऊस पाडला होता. प्रत्येक पोस्टखाली एकच उत्तर, 'आक्का जालना' नावाच्या खात्याचं. "बरं." "मंग?" "कोन कोन होते?" आणि सगळ्यात वर, त्याच दिवशीचं:

"भास्कर, बाकीचे कुठं गेले? सगळं तूच लिहून राह्यला. मले समजते."

मी तशीच काकांकडे गेले. ते स्क्रीनवर फुंकर मारत होते. मी विचारलं, "आक्का कोण?"

काकांनी मूठ तोंडाशी नेली, पण फुंकर आली नाही. साध्याच आवाजात बोलले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मोठी बहीन. लहानपनापासून ऐकू कमी येते. घरी कोनाले मालूमच नोतं. मास्तर इचारे, हिले ऐकूच नाई ये, तं उत्तर काय देईन? मास्तरनं ढ म्हनलं. पोट्टे ढ म्हनत. घरचे म्हने, ढ हाये तं शाळा कायले? चौथीतून काढली. लगन करून जालन्याकडं दिली."

"आणि तुम्ही?"

"मी तिचा आवाज झालो न. घरात तिच्याशी ओरडून बोलनारा मीच. म्हून तं माइकची नोकरी भेटली." ते हसले. "माहेरी आली का स्टँडवर ये. बरोब्बर भोंग्याखाली उभी राहे. तिथंच तिले माह्यं बोलनं ऐकू ये. मंग मी गाड्या पुकारता पुकारता मधातच इचारो, 'आक्का, जेवली का?' अख्खं स्टँड हो म्हने, 'हाव!'"

आता आक्कांना काहीच ऐकू येत नाही. फोन नुसता दिसतो. तेव्हा नातीने त्यांना टायपिंग शिकवलं, आणि काकांनी कॉम्प्युटर घुरघुरता केला. आक्कांच्या फोनवर उघडलं की थेट एकच पाटी लागते. माहेरात काय चाललंय ते त्या तिथे बसून पाहतात: कुणाचं लग्न, कुठली भाजी, कोण कुणाशी भांडलं. सगळी अक्षरं शिकल्या. एक सोडून.

"ढ लिहीत नाई ते. बोट नेते, पन दाबत नाई. आता या वयात मी तिले म्हनू का, आक्का, गर्दी ढ मधी गेली, तूबी ढ मधी ये?"

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुले सांगून काय? तुले तुह्ये झाडं वाचवायचे होते. झाडाले टाइम नसते." मग त्यांना मूळचा स्वर सापडला. फू, फू. "चहा लागलेला हाये."

चहा पिता पिता मी त्यांना गाडीबद्दल विचारलं. गाडीला पाट्या किती असतात?

"दोन," काका म्हणाले. "एक समोर, एक बाजूले. दाराकडच्या मानसाले समोरची दिसत नाई."

एवढं बोलल्यावर मी हे का विचारलं ते त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "तू काय ढ नाई."

त्याच संध्याकाळी मी फलाटावर पत्रक काढलं. हे मला चांगलं जमतं. प्रत्येक गाडीला दोन पाट्या, समोर ढ, बाजूला ड, हयगय चालणार नाही. कारण लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. माझ्या पत्रकांची लोकांना जरा धास्तीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी रोजच्या पाटीखाली लिहिलं, "कोनी हाये का?"

कृषी केंद्रवाल्याने लिहिलं, "हाव." लॉजवाल्या ताईने लिहिलं, "हाव." मग कॉलेजच्या मुली, मग पुण्याच्या वकिलीणबाई, ज्यांना हे काय चाललंय याचा पत्ता नव्हता, त्यांनीही. मी लिहिलं, "हाव."

एवढ्या हाव मधून आक्कांनी नेमकं मलाच धरलं. "तू नवीन दिसतं. कोनाची वं तू?"

'माझी मी' टाइप केलं, पुसलं. मग मी लिहिलं, "तुमच्या भास्करच्या फलाटावरची."

"मंग जेवली का?"

सकाळचे आठ वाजले होते. कशाची जेवते? मी लिहिलं, "हाव."