सिग्नलला थांबणारं वादळ

एकोणीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही!

हे वाक्य मास्तर दिवसातून निदान चारदा म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायला आलेल्यांना म्हणत, चहावाल्याला म्हणत, आणि ऐकायला कोणीच नसलं तर गाडीच्या आरशाकडे बघून म्हणत. आता खरं सांगायचं तर त्या एकोणीस वर्षांत मास्तरांनी स्टिअरिंग फारसं हातात धरलंच नव्हतं. ते शेजारच्या सीटवर बसत. तिथे त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. तो दाबायचा आणि ओरडायचं, एवढंच काम. "क्लच! अहो क्लच म्हटलं मी! तो ब्रेक आहे!" आवाज असा, की पुढच्या गाडीवाल्यानेही घाबरून क्लच दाबावा!

गाडी शिकवावी तर आपणच, असं त्यांचं ठाम मत होतं. ते न मानणारं एकच माणूस होतं आणि नेमकं ते घरात होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायको त्यांच्याकडे तीन दिवस गाडी शिकली. तिसऱ्या दिवशी भर चौकात तिने गाडी बंद केली, उतरली, दार आपटलं आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने त्या स्टिअरिंगला हात लावला नाही. सगळ्या जगाला शिकवलं आणि घरचं माणूस पायी! मास्तरांना हे आजवर सलत होतं. एकदा तरी तिने आपल्या शेजारी बसून गाडी चालवावी आणि म्हणावं, "शिकवावं तर तुम्हीच हो!" बाकी त्यांना आयुष्यात काही नको होतं.

बायको एका लॅबमध्ये सकाळच्या पाळीला रक्त घ्यायचं काम करी. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळायची नाही. दुपारी एकला ती घरी येई. मध्यंतरी तिच्या भावाची बदली झाली आणि जाताना तो आपला टीव्हीला जोडायचा गेमचा डबा बहिणीकडे ठेवून गेला. त्यात मोटारींच्या लढाईचा एक गेम होता. प्रत्येक गाडीच्या टपावर तोफ, बंपरला करवत, मागच्या बाजूने सुरुंग टाकायची सोय! भर रस्त्यात दीडशेच्या वेगाने सुटायचं आणि समोर येईल त्याचा चुराडा करायचा. तिघातिघांची टोळी करायची, साथीदार जगाच्या पाठीवरचे कुठलेही. बायकोने गंमत म्हणून लावून बघितला. पंधरा दिवसांत ती तिथे 'सुई' या नावाने गाजायला लागली!

"काय गाडी मारतो हो तो गरुड!" एक दिवस जेवताना ती म्हणाली.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "कोण गरुड?"

"माझ्या टोळीतला. आज पुलावरून उडी मारली आणि हवेतल्या हवेत दोघांना उडवलं! असा ड्रायव्हर मी आयुष्यात पाहिला नाही."

असा ड्रायव्हर! आयुष्यात! हे कोणाच्या घरात बसून, कोणाच्या तोंडावर बोलणं चाललंय!

"लायसन आहे का त्याच्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, गेम आहे तो!"

"गेममध्ये म्हणून नियम नकोत?"

बायको हसली आणि पुन्हा गरुडाचं सांगायला लागली. मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रभर... नाही, झोप त्यांना लागली, पण स्वप्नात एक पक्षी त्यांच्या गाडीच्या टपावर बसून त्यांच्याच बायकोला क्लच समजावून सांगत होता!

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी ठरवलं. या गरुडाचे पंख छाटायचे! त्यांनी एक जुना गेमचा डबा पैदा केला आणि स्कूलमध्ये वाहतुकीची चिन्हं दाखवायला जो टीव्ही होता त्याला जोडला. दुपारी दोन ते चार स्कूल बंद असे. नाव काय घ्यावं? गरुडालाही उडवून लावेल असं हवं. त्यांनी घेतलं 'वादळ'. सुईच्या टोळीत तिसरी जागा रिकामी होती. शत्रू आधी जवळून बघावा म्हणून वादळ त्याच टोळीत शिरलं.

खेळ सुरू झाला. सुई सुसाट निघाली, गरुड उडाला. मास्तरांनी आधी आरसा बघितला. मग उजवी-डावीकडे बघून सावकाश गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला.

मास्तर थांबले.

डोक्यावरून तोफगोळे चालले होते, शेजारची इमारत कोसळत होती, आणि त्या धुमश्चक्रीत वादळ झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, पट्टीने आखल्यासारखं उभं!

"हलव ती बैलगाडी!" पडद्यावर गरुडाची अक्षरं उमटली.

मास्तर एकेक बटण दाबत उत्तर जुळवायला लागले. "सिग्नल लाल आहे." एवढं लिहीपर्यंत त्यांच्या गाडीचा दोनदा स्फोट झाला. त्यावर गरुडाने जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि सुई भडकली! "नवीन माणसाशी असं बोलतात? नीघ तू!" टोळीची पुढारी तीच होती. एक बटण दाबलं आणि गरुड बाहेर!

एका दुपारीत काम फत्ते! मास्तर शीळ घालत घरी गेले.

"गरुडाला काढलं," जेवताना बायकोने सांगितलं.

"अरेरे!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतलं.

"पण एक नवा आलाय. वादळ. काय साधा माणूस हो! खेळात शून्य, पण चुकून मला धक्का लागला तर माफी मागतो. मी चुकले तर म्हणतो, असू दे, पुन्हा करू. कधी ओरडत नाही बघा."

आहाहा! मास्तरांना आतून गुदगुल्या झाल्या. पण त्या टिकल्या जेमतेम दोन दिवस. कारण त्यानंतर उठता बसता वादळ! मास्तरांनी चपला वाटेत काढल्या की "वादळ असं करणार नाही." मास्तर फोनवर मोठ्याने बोलले की "वादळाकडून जरा शिका."

"अक्षर अक्षर जुळवत बसणारा माणूस ओरडणार तरी कसा?" मास्तर एकदा चिडून बोलून गेले.

"तो अक्षरं जुळवत बसतो हे तुम्हाला काय माहीत?"

मास्तरांना असा ठसका लागला की दोन पेले पाणी लागलं. "अंदाज!" ते म्हणाले.

आता जळायचं तरी कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ! पण मास्तर जळत होते हे मात्र खरं. ज्या गोड बोलण्याची घरात कधी सवय नव्हती, ते हा लेकाचा दोन ते चार फुकटात वाटत होता! शेवटी त्यांनी वादळालाच बदनाम करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वादळाने सुईच्या गाडीला मागून तीन धडका दिल्या आणि तिच्या वाटेत सुरुंग टाकला.

सुई रागावलीच नाही! तिने लिहिलं, "आज मन ठिकाणावर दिसत नाही. घरी काही त्रास आहे का?"

मास्तरांनी गाडी कडेला घेऊन उभी केली. त्यांनी लिहिलं, "बायको दुसऱ्याचं कौतुक करते."

"मूर्ख आहे ती. असा नवरा मिळायला भाग्य लागतं!"

हे वाचून हसावं की रडावं हे मास्तरांना समजेना. पण त्या संध्याकाळी त्यांनी हिंमत केली. आवाज वादळासारखा मऊ करून ते म्हणाले, "अगं, चल ना, पुन्हा गाडी शिकवतो. यावेळी ओरडणार नाही. शपथ!"

"विचारून सांगते," ती म्हणाली.

"कोणाला?"

"आहे एक जण."

मास्तर मनात नाचले! विचार, अवश्य विचार! कौल आपल्याच हातात!

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं असतानाच वादळ हजर. सुई आली. खेळ बाजूला ठेवून तिने लिहिलं, "आमचे हे गाडी शिकवतो म्हणतात. मागे फार रडवलं होतं. पण मनाने चांगले आहेत हो. मलाही वाटतंय, बसावं एकदा त्यांच्या शेजारी. तुम्ही सांगाल तसं करते."

मनाने चांगले! या दोन शब्दांनी मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पण गेले तीन आठवडे ते रोज दोन तास वादळ होते, आणि त्या वादळाच्या पोटात भयंकर दुखलं. इतके दिवस हिला समजून घेतलं आपण, धीर दिला आपण, आणि ही निघाली त्या आरडाओरडा करणाऱ्याच्या गाडीत बसायला? कोण कुठला नवरा! त्यांची बोटं इतक्या वेगाने कधीच चालली नव्हती. "मुळीच बसू नका. असली माणसं सुधारत नसतात. दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घाला."

पाठवलं. मस्त वाटलं.

आणि मग त्यांना आठवलं की तो नवरा म्हणजे आपण!

"थांबा, चूक..." मास्तर घाईघाईने जुळवायला लागले. तेवढ्यात पडद्यावर आलं, "बरं झालं विचारलं. आत्ताच जाते." आणि सुई निघून गेली.

मास्तर तसेच घरी पळाले. दाराला कुलूप! तासाभराने बायको आली ती हसत हसत. हातात पावती होती. पलीकडच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलची! ज्या स्कूलच्या पाटीकडे मास्तर मान वळवूनही बघत नसत, त्या स्कूलची!

"रागावू नका हं," ती म्हणाली. "तुमच्यावर अविश्वास नाही माझा. पण वादळ इतकं कळकळीने बोलला की मला पटलंच. आणि काय मऊ बोलतात हो तिथले सर!"

मास्तरांना ओरडावंसं फार वाटत होतं, पण कोणावर?

"अहो, आणि हे बघा." तिने पर्समधून एक चकचकीत किचेन काढलं. त्यावर त्या स्कूलचं नाव ठसठशीत कोरलेलं. "ज्याच्या सांगण्यावरून आपण नाव घालतो ना, त्याला हे भेट देतात. आता वादळाचा पत्ता कुठे शोधू मी? तुम्हीच वापरा."

मास्तरांनी ते घेतलं आणि आपल्या गाडीची किल्ली त्यात अडकवली. कोणी काही म्हणो, बक्षीस अगदी योग्य माणसाला पोचलं होतं!