पिवळ्या पट्ट्यांची वाट

“रस्ता? अहो, डोळे मिटून नेतो तुम्हाला!” असं रंगारी छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याच्या मुलीचं घड्याळजीच्या मुलाशी जमलं होतं. दोघांच्या आयांचं तर असं मेतकूट, की पोरं बाजूलाच राहिली! घोडं अडलं होतं ते घड्याळजीपाशी. त्याचा हट्ट एकच. ज्याच्याशी नातं जोडायचं, त्याच्या मागून आधी डोंगर चालायचा. माणूस चहाच्या टेबलावर कळत नाही, चढावर कळतो! म्हणून ही जंगलातली लांबलचक पायवाट. आणि रंगाऱ्याची आजवरची सगळ्यात मोठी चढाई म्हणजे दुसऱ्या मजल्याची शिडी!

पायवाट कसली, अफवाच ती! पूल वाहून गेलेला, पाट्या वाळवीने खाल्लेल्या, गवत कमरेएवढं. झाडांवर खुणेचे निळे ठिपके होते म्हणे, पण ते शोधायला घड्याळजीचं भिंग लागावं. पहिल्याच फाट्यावर रंगाऱ्याने एका ठिपक्याला नख लावलं. पोपडा गळून पडला.

“हा रंग? अस्तर नाही, घासकाम नाही! असलं काम करणाऱ्याचं ऐकून मी वळू?”

तेवढ्यात उजवीकडच्या खोडावर पिवळाधमक पट्टा दिसला. कडा सरळ, एक ओघळ नाही! रंगाऱ्याचं काळीज सुपाएवढं झालं.

“हे बघा काम! नवी वाट आखलीय. खाली आकडासुद्धा!”

निघाले. पट्ट्यामागून पट्टा. घसरत, काट्यांत अडकत, एका ओढ्यातून तर चक्क बसून.

“अहो,” घड्याळजी धापा टाकत म्हणाला, “मघाशी आकडा चाळीस होता, आता दोनशे झाला. अंतर वाढतंय!”

“आपण किती चाललो, ते लिहिलंय!”

“तासाभरात दोनशे किलोमीटर?”

“मीटर असतील!”

“आणि वाट कुठाय?”

“वाटेचं काय घेऊन बसलात? पट्टे आहेत ना!”

आतून मात्र रंगारी टरकला होता. ‘गाढवा,’ तो स्वतःला म्हणत होता, ‘पोरीचं लग्न टांगणीला लागलंय, आणि तू झाडांना शाबासकी देत फिरतोयस!’ पण परत फिरायचं म्हणजे रंगाऱ्याला रंग कळला नाही असं कबूल करायचं. छे! मेलो तरी नाही!

दमलेला घड्याळजी एका खोडाला टेकला. उठला तेव्हा पाठीवर रुंद पिवळा पट्टा!

“ओला रंग!” रंगारी नाचायलाच लागला. “बघितलंत? देखभाल चालू आहे!”

इतक्यात घर्रर्र आवाज झाला, “बाजूला व्हा!” अशी आरोळी आली, आणि दोघांच्या पुढ्यात एक अख्खं झाड कडाडून आडवं झालं! धुरळा बसला तेव्हा दोघे एकमेकांच्या गळ्यात होते. करवतवाला जवळ आला. त्याने घड्याळजीला पाठमोरा फिरवून पाहिलं आणि सोबत्याला हाक मारली,

“काय रे, हापण आजच तोडायचाय का?”

“आम्ही… पायवाटेने…” रंगारी पुटपुटला.

“पायवाट राहिली पलीकडच्या डोंगरावर! निळे ठिपके दिसले नाहीत? पिवळा पट्टा म्हणजे तोडायचं झाड, आणि आकडा म्हणजे त्या झाडाचा नंबर!”

परतीचा प्रवास लाकडाच्या ट्रकमध्ये, ओंडक्यांवर बसून झाला. रंगाऱ्याने मनातल्या मनात पोरीची माफी मागितली, बायकोची मागितली, आणि शेवटी त्याला राहवेना.

“मग… नातं मोडलं म्हणायचं?”

“मोडू कसं?” घड्याळजी करवादला. “मोडायचं तर कारण सांगावं लागेल. मी एवढा डोंगरांचा जाणकार म्हणून मिरवतो, आणि आकडे वाचत वाचत करवतीखाली चाललो होतो, हे घरी सांगू? लग्न ठरलं! फक्त एक अट. पाहुण्यांना हॉलचा रस्ता दाखवायला तुम्ही उभं राहायचं नाही!”

रंगाऱ्याने अट मान्य केली. त्या हॉलचा रस्ता खरं तर त्याच्या पायाखालचा होता. तिथल्या सगळ्या भिंती त्यानेच रंगवल्या होत्या. पण आता रंगाचा विषय काढायची छाती कुणाला होती!