द्वारकाबाईंचा सामाईक पुरस्कार

पुरस्कार कोणालाही मिळो, तो स्वीकारायला लायक माणूस लागतो. ऊस सभासदाने पिकवला तरी फेटा बांधून ढाल घ्यायला चेअरमनच जातात, आणि इंदापूर तालुक्यात याबद्दल कोणाचीही तक्रार नाही (ज्यांची होती, ते आता सभासद नाहीत).

म्हणून पळसदेवशेजारच्या एका गावातल्या द्वारकाबाईंना चित्रपटातल्या अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तिथल्या सोसायटीचे चेअरमन दादासाहेब यांनी तातडीची सभा बोलावली. उजनी धरणाचं पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं, तेव्हा पुण्याची मंडळी शूटिंगला आली होती. बुडालेलं गाव आठवून रडायला त्यांना एक म्हातारी हवी होती. द्वारकाबाई देवळाच्या पायरीवर बसल्या आणि इतक्या रडल्या, की शेवटी दिग्दर्शकच हात जोडून थांबा म्हणाला. सभेत असं ठरलं, की गाव सर्वांचं बुडालं, सबब रडणंही सामाईक आहे. द्वारकाबाईंनी ते केवळ गावाच्या वतीने केलं. अकरा संचालकांचं शिष्टमंडळ दिल्लीला जाईल आणि द्वारकाबाई भिगवण स्टेशनपर्यंत येऊन त्यांना ओवाळतील.

द्वारकाबाईंना पुरस्काराचं काही नव्हतं. त्या रडत होत्या तेव्हा त्यांच्या पाठीमागून त्यांचे मालक, गेणूबा, मेंढरं घेऊन गेले होते. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात गेणूबा वारले, आणि घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही.

"दादासाहेब, बक्षीस तुमीच घ्या," ओवाळून झाल्यावर त्या म्हणाल्या. "पर तितं शिनेमा दावत्यात म्हनं. मला न्या की. आमचं मालक हायती त्यात."

"अक्का, शिनेमा काय पळून जातुय व्हय? आमी बघून येतो, मग तुमी आमाला इचारा."

दिल्लीत सारं थाटात झालं. उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं पदक दादासाहेबांनी मिशीला पीळ देऊन स्वीकारलं. दुसऱ्या दिवशी चित्रपट दाखवण्यात आला. त्या वेळी शिष्टमंडळ आग्र्यात ताजमहाल पाहत होतं (बायकोवरच्या प्रेमाचा विषय असल्याने तो दौऱ्यात बसत होता).

गावी परतल्यावर अकरा जणांचा सत्कार झाला. चित्रपटाच्या दर्जावर दादासाहेब तासभर बोलले. मग द्वारकाबाई उठल्या.

"आमचं मालक दिसलं का?"

"दिसलं की! झ्याक दिसलं."

"कुनीकडं बघत हुतं? मेंढराकडं, का माज्याकडं?"

व्यासपीठावर मतभेद झाले. सहकारात अशा वेळी हात वर करण्याची पद्धत आहे. सहा विरुद्ध पाच मतांनी गेणूबा मेंढरांकडे बघत होते, असं ठरलं. द्वारकाबाई खाली बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण त्या रडल्या नाहीत, त्यामुळे गावाच्या वतीने काहीच झालं नाही.

सिनेमा लावा म्हणून सांगायला बारामतीच्या एका थेटरवाल्याकडे त्या स्वतः जाऊन आल्या. पुरस्काराचा सिनेमा म्हटल्यावर त्याने चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. पुढे एका रविवारी दुपारी दूरदर्शनने तो दाखवला, तेव्हा गावात वीज नव्हती. द्वारकाबाई बंद टीव्हीसमोर तो संपेपर्यंत बसून राहिल्या.

अजूनही कोणी भेटलं, की त्या तेच विचारतात. वाचकहो, आपल्याकडे त्या दुपारी वीज होती, टीव्हीही होता, आणि मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला की आपली मान किती ताठ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आता आपणच त्यांना सांगा, गेणूबा कुणीकडं बघत होते?